डावखुऱ्याची जागा

तीन पायांचा तो मोबाइल स्टँड घरात आला तेव्हा विभाला वाटलं, नवऱ्याला आता रील्सचं वेड लागलं. निवृत्त झालेली माणसं काय काय करतात ते तिनं महाराष्ट्र मंडळातल्या बायकांकडून ऐकलं होतं. प्रतिमाच्या नवऱ्यानं साठीत बासरी विकत घेतली होती आणि शेजारी भीक नको पण कुत्रा आवर म्हणायच्या बेताला आले होते. त्या मानानं स्टँड बरा. आवाज तरी करत नाही.

पण जयंत रील्स करत नव्हता. तो सकाळी कानोत्याच्या रस्त्यावरच्या ड्रायव्हिंग रेंजवर जायचा आणि गोल्फ खेळतानाचं स्वतःचंच शूटिंग करून आणायचा. विमा कंपनीनं सांगलीहून बदली करून जयपूरला आणलं, साहेब गोल्फ खेळणारे निघाले, म्हणून चाळिशीत हातात धरलेली ती काठी. साहेब बदलून गेले, बाकीच्यांनी खेळ सोडला, जयंतनं नाही सोडला. रेंजवर ओळीनं कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात हिरवी चटई, समोर मोकळं मैदान. बादलीभर चेंडू घ्यायचे आणि लांब मारत राहायचे. ते गोळा करायला दुसरी माणसं असतात. "पोरं खेळणी फेकतात आणि आया उचलतात, त्यातलाच प्रकार," असं विभा पहिल्यांदा बघून म्हणाली होती.

आताशा घरी आला की तो जेवणाच्या टेबलाशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसे. चहा निवून जाई.

"काय बघता एवढं?"

"स्विंग. काठी कशी फिरतेय ते."

"स्वतःचाच?"

"ॲपमध्ये शेजारी दुसरा लावायचा आणि ताडून बघायचं. चुका कळतात."

"चुका मी सांगितल्या असत्या की. तेवढ्यासाठी ॲप कशाला?"

पूर्वी अशा बोलण्याला त्याचं काहीतरी तिरकं उत्तर ठरलेलं असे. आता तो नुसता हसला, तेही तिला बरं वाटावं म्हणून. शेजारी लावलेला तो दुसरा कोण, हे विचारावंसं तिला वाटलंच नाही. असेल कुणी परदेशी खेळाडू.

शुभंकरला जाऊन दोन हिवाळे झाले होते. सीकर रोड, चौमू गावाच्या अलीकडे, पहाटेचं धुकं. याच्या पुढचं वाक्य त्या घरात कुणी पुरं केलं नव्हतं. सव्वीस वर्षांचा मुलगा गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा मोबाइलही चुरडून गेला. फोटो पुष्कळ मागे राहिले. मुंजीतले, कॉलेजातले, अक्षदाच्या लग्नात बहिणीच्या मागे उभं राहून तोंड वेंगाडलेले. पण फोटोतला माणूस हलत नाही. हलता-बोलता शुभंकर एकाच व्हिडिओत उरला होता. विभानंच तो रेंजवर काढला होता, हौसेनं, आणि जयंतला पाठवला होता. तिचा तो मोबाइल पुढे बंद पडला, म्हणजे व्हिडिओ आता फक्त जयंतकडे.

तिनं तो एकदाही बघितला नव्हता. घरात लोणच्याची शेवटची बरणी असते, तसा तिला तो व्हिडिओ. आहे एवढं पुरे. उघडली की संपायला लागते. पण या थंडीत एके दिवशी भाजी निवडताना तिच्या ध्यानात आलं की हसताना तो मान कुठल्या बाजूला टाकायचा ते तिला आठवत नाहीये. डावीकडे की उजवीकडे? मेथीची जुडी तशीच मांडीवर ठेवून ती कितीतरी वेळ स्वतःच हसून बघत होती, मान एकदा इकडे टाकून, एकदा तिकडे. आपण त्याला विसरत चाललो आहोत. आता बघायलाच हवा, असं तिनं ठरवलं. आणि रोज उद्यावर ढकललं.

रविवारी जयंत आंघोळीला गेला होता. त्याचा मोबाइल वाजला, अक्षदाचा फोन. विभानं हात पुसून उचलेपर्यंत तो बंद झाला आणि त्याच्या मागे जे उघडं राहिलेलं होतं ते समोर आलं.

पडद्याचे दोन भाग केलेले. डावीकडे जयंत, उजवीकडे शुभंकर. दोघांनी काठ्या खांद्यामागे नेलेल्या आणि दोघंही तिथंच थांबवलेले. डोक्याभोवती पांढरं वर्तुळ, पाठीच्या कण्यावरून पांढरी रेघ. डॉक्टर एक्स-रेवर काढतात तशी.

बरणीचं झाकण कुणीतरी आधीच उघडून ठेवलं होतं.

ती खुर्चीत बसली. बघितलं. आणि डोळे भरून यायच्या आधी तिला आलं ते नवल. हा कोण? शर्ट त्याचा, टोपी त्याची, पोटऱ्या त्याच्याच, पण कुणीतरी परका मुलगा शुभंकरचे कपडे घालून उभा राहावा तसं काहीतरी. तिनं चित्र मोठं केलं. कानाशी टाक्यांची खूण होती. कानोत्याच्या धरणावर मंडळाची सहल गेली होती तेव्हा दगडावर आपटला होता, सात वर्षांचा. खूण तीच, आणि उजव्या कानाशी.

उजव्या? तिनं स्वतःच्या कानाला हात लावून बघितला. टाके डावीकडे होते. नक्की डावीकडे? त्या कुशीवर वळू नये म्हणून आपण उशी लावून बसलो होतो, ती कुठल्या अंगाला? एवढंसुद्धा आठवत नसेल तर मग आपल्यापाशी राहिलं तरी काय त्याचं? तिनं चित्र परत लहान केलं.

मग तिला ते दिसलं. तो उभा होता जयंतसारखा. उजव्या हाताच्या माणसासारखा.

शुभंकर डावखुरा होता. दूध पिण्याची वाटी धरायला लागला तेव्हापासून. जयंतला ते खपायचं नाही. तो कधी ओरडला नाही, मारणं तर लांबच. फक्त जेवताना मुलाच्या डाव्या मनगटावर आपला हात ठेवून बसायचा. मायेनंच. मुलगा उजव्या हातानं वरणभात सांडत खायचा. विभा मग श्रीखंड केलं की त्याला ओट्यापाशी बोलवायची. "खा डाव्यानं, लवकर. बाबा यायच्या आत." हळूहळू तो उजव्यानं जेवायला शिकला, उजव्यानं लिहायला शिकला. प्रसाद घ्यायला उजवा हात पुढे करायला शिकला. पण बापाबरोबर रेंजवर जायला लागला तेव्हा अडून बसला. "बाबा, जेवतो ना उजव्यानं? लिहितो ना? हे एक राहू द्या." डावखुऱ्यांच्या काठ्यांचं तोंडच उलटीकडे असतं, जयपुरात त्या मिळेनात. शेवटी जयंतनंच दिल्लीहून एक जुना सेट आणला. ती पिशवी अजून गॅलरीत उभी होती, वर चादर घालून. कुणाला देऊन टाकावी तर घेणारा डावखुरा लागतो.

जयंत डोकं पुसत बाहेर आला.

"अक्षदाचा होता का? काय म्हणते?"

"हा कोण?" विभानं मोबाइल पुढे केला.

त्याचा हात डोक्यावरच राहिला. "अगं, असं काय विचारतेस? शुभ्या."

"शुभंकर नाही हा. खूण उजवीकडे आहे."

जयंत टॉवेल खांद्यावर टाकून तिच्यासमोर बसला. ऑफिसात एखाद्याला क्लेम का नाकारला ते समजावून सांगायचा तसा आवाज लावून म्हणाला, "फ्लिप केलाय तो. मतलब, आरशात दिसतो तसा. तो डावखुरा, मी उजवा. शेजारी-शेजारी लावलं तर काही जुळतच नाही. खांदा कुठे, गुडघा कुठे, काय ताडून बघणार? ॲपमध्ये सोय आहे. बटण दाबलं की..."

"की तो उजवा होतो."

जयंतनं खांद्यावरचा टॉवेल ओढून हातात घेतला.

"जेवताना केलात. लिहिताना केलात." विभाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एवढी एक जागा त्यानं तुमच्याशी भांडून ठेवली होती. गेल्यावर तीही घेतलीत?"

खाली राजा पार्कच्या बाजारात रविवारची वर्दळ सुरू झाली होती. कुणीतरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं. जयंतनं टॉवेलाची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"गेलेल्यांचं सगळं उलटंच करतात, विभा," तो म्हणाला. म्हणायचं म्हणून, दमून. "वर्षश्राद्धाला गुरुजींनी जानवं फिरवायला लावलं नाही का? डाव्या खांद्यावरचं उजव्या. अपसव्य करा म्हणाले."

"जानवं आपलं फिरवायचं असतं," विभा म्हणाली. "बाजू आपण बदलायची. त्यांना नाही फिरवायचं."

तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला. "मूळचा लावा. मला बघायचाय. आत्ता."

जयंतनं मोबाइल घेतला आणि नुसताच धरून बसला. पडदा काळा झाला तरी तो लावेना.

"लावा ना."

"मूळचा... नाहीये आता. हाच आहे. मोबाइल मेमरी फुल झाली सांगत होता. दोन सारखेच दिसले, म्हणून एक काढून टाकला."

"सारखेच दिसले?"

"विभा..."

"दोन्ही सारखेच दिसले तुम्हाला?"

ती उठून गॅलरीत गेली. चादर घातलेल्या पिशवीशेजारी स्टुलावर बसली. रडू येईना. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की आता विचारायलाही कुणी उरलं नाही. मान कुठे टाकायचा हे आता जगात कुणी सांगू शकणार नाही. होता तो पुरावा यानं उलटा करून ठेवला. उलटा पुरावा म्हणजे पुरावा नसल्यातच जमा.

बऱ्याच वेळानं जयंत दारात येऊन उभा राहिला. आत यायची परवानगी नसल्यासारखा.

"मी स्विंग सुधारायला बसत होतो असं वाटतं का तुला?"

विभा पिशवीवरच्या चादरीचं टोक सारखं करत राहिली.

"चेंडू मारताना मैदानाकडे खांदा करून उभं राहतात, उजवा एकीकडे तोंड करून, डावखुरा दुसरीकडे. रेंजवर शेजारशेजारच्या कप्प्यांत एक उजवा आणि एक डावखुरा उभा राहिला ना, की दोनच गोष्टी होतात. एक तर तोंडाला तोंड, नाहीतर पाठीला पाठ. मला कुणी समोर उभं असलं की सुचत नाही. म्हणून मी नेहमी उजवीकडचा कप्पा घ्यायचो. पाठीला पाठ. एवढी वर्षं. तो मागून सांगायचा, बाबा, डोकं उचलू नका, चेंडू गेल्यावरही खाली बघत राहा. माझी मान कशी उचलली जाते ते त्याला बरोबर माहीत. वळून बघायचा असणार." जयंतनं चौकटीला हात टेकला. "मी नाही वळलो. मी त्याला खेळताना बघितलंच नाही, विभा. कसा उभा राहायचा, कसा वळायचा. म्हटलं, आता तरी बघावं. माझ्या अंगात उतरतंय का बघावं. माझ्या अंगात डावं कसं उतरणार? म्हणून ते बटण."

विभानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. बनियनवर उभा होता, थंडीत. खांद्यावरचं जानवं ओलं होतं.

"शर्ट घाला आधी," ती म्हणाली.

तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला. विभानं तो त्याच्याकडून घेऊन स्पीकरवर लावला. अक्षदा बंगळुरूहून, आणि तिच्या आवाजात नेहमीची घाई.

"आई, बाबा उचलत का नाहीत? मघाशी पण केला होता. तुम्ही लोक ठीक आहात ना?"

विभानं सांगितलं. सांगता सांगता मघापासून अडलेलं रडू आलं. अक्षदा जयपूरच्या शाळेत शिकलेली, घाईत असली की तिचं मराठी निम्मं हिंदीत सांडायचं.

"आई, सुन. मतलब, ऐक ना. रडू नको. फ्लिप केलेल्याला परत फ्लिप कर. बस. सीधा होऊन जाईल."

"अगदी होता तसा?"

"अगदी तसाच. त्यात काहीच जात नाही, आई."

विभाचा विश्वास बसेना. ती ब्लाउज शिवायची, घरच्या घरी शिकलेली. उलटी केलेली बाही पुन्हा सुलटी करता येते हे तिला ठाऊक होतं, पण दोनदा उलटवलेल्या कापडाला चुण्या पडतात हेही ठाऊक होतं.

"आणि झाला की पहिला मला पाठव," अक्षदा म्हणाली. "आणि बाबांना बोल, काही म्हणजे काहीच डिलीट करायचं नाही. त्यांचा भरवसा नाही."

"ऐकतोय मी," जयंत म्हणाला.

"म्हणूनच बोलतेय!" पोरगी म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

दोघं टेबलाशी शेजारी बसले. बटण विभानं दाबलं. जयंतनं फक्त बोट दाखवलं. मोबाइलनं जरासा विचार केला आणि पडद्यावरचा मुलगा गर्रकन वळला. खूण डाव्या कानाशी गेली, घड्याळ उजव्या मनगटावर आलं. चुणी एकही नव्हती.

त्यांनी तो ॲपमधून बाहेर काढून साधाच लावला. मंद गती नाही, रेघा नाहीत. आणि आवाज आला. ॲपमध्ये नुसतंच मुकं चित्र बघत आलेला जयंत त्या आवाजानं खुर्चीत मागे सरकला.

"आई, जरा मागे सरक ना. बाबा पण येतील त्यात."

"अरे, मागे खांब आहे!" हा तिचाच आवाज. केवढा तरुण, केवढा निर्धास्त.

"मग खांबाच्या मागे जा!" असं म्हणून तो हसला. मान डावीकडे पडली. डावीकडे. विभानं तोंडावर हात धरला. चित्र हललं, दोन पावलं मागे गेलं आणि उजव्या कडेला शेजारच्या कप्प्यातली एक पाठ दिसायला लागली. करड्या स्वेटरातली, वाकलेली. शुभंकरनं एकदा मागे वळून त्या पाठीकडे बघितलं, म्हणाला, "बाबा, डोकं," आणि स्वतःची काठी उचलली. त्याचा चेंडू कुठे गेला ते त्या चित्रात येत नाही. पाठ काही वळली नाही.

व्हिडिओ संपला. तो संपल्यावर बरणीत काही कमी झालं नव्हतं. विभानं पुन्हा लावला. जयंत म्हणाला, "थांब जरा," आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, "लाव."

आधी तो अक्षदाला पाठवला. मग विभाच्या मोबाइलवर. त्यानंतर जयंतनं ॲप उघडून दोन्ही पुन्हा शेजारी-शेजारी लावले. डावीकडे तो, उजवीकडे मुलगा, जसा होता तसा. आता काहीच जुळत नव्हतं, खांद्याला खांदा नाही, गुडघ्याला गुडघा नाही. पण इतके दिवस त्या पडद्यावर जयंत मुलाच्या पाठीकडे बघत उभा होता, हे विभाच्या आत्ता ध्यानात आलं. आता ते दोघं तोंडाला तोंड करून उभे होते. मध्ये एक बारीक काळी रेघ, आणि दोन्ही बाजूंनी वाकून दोघं खाली बघत होते. एकाच चेंडूकडे बघावं तसे.

"असंच राहू दे," विभा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयंत निघाला तेव्हा तीही चपला घालून तयार होती. गॅलरीतली पिशवी त्यानं चादर काढून गाडीत ठेवली होती, तीही तिला गाडीपाशी गेल्यावरच दिसली.

रेंजवर धुकं नुकतं उठत होतं. काउंटरवरचा माणूस सवयीनं उजवीकडच्या कप्प्याची चिठ्ठी देऊ लागला. जयंत म्हणाला, "आज उधरवाला, भैया. बाएँवाला." डावीकडे, शुभंकरच्या जागी, तो स्वतः जाऊन उभा राहिला आणि आपली इतक्या वर्षांची जागा मोकळी सोडली. तिथं, चटईच्या पलीकडे, त्यानं शुभंकरची पिशवी ठेवली. आता तो काठी घेऊन उभा राहिला तर पिशवी त्याच्या बरोबर समोर येत होती. समोर कुणी असलं की सुचत नाही म्हणणारा माणूस तो. बराच वेळ नुसताच उभा राहिला.

तो तीन पायांचा स्टँड आणलाच नव्हता. विभानं मोबाइल हातात धरला. पडद्यात फक्त जयंत मावत होता. ती मागे सरकली. पाठीला खांब लागला. खांबाला वळसा घालून ती त्याच्या मागे गेली, तेव्हा कुठे दोघं आत आले.

"डोकं," ती म्हणाली.

जयंतनं काठी मागे नेली. त्याचा स्विंग चांगला की वाईट हे तिला कधीच कळलं नव्हतं, आजही कळलं नाही. चेंडूचा टणत्कार झाला तो मात्र नेहमीपेक्षा वेगळा, स्वच्छ. शेजारपाजारच्या दोघातिघांनी मान वर करून मैदानाकडे पाहिलं. जयंतनं नाही पाहिलं. त्याचं डोकं खालीच होतं, चेंडू गेल्यावरही, काठी खांद्यावर जाऊन थांबल्यावरही. त्याची पाठ हलत होती.

खूप वेळानं, वर न बघता, त्यानं विचारलं, "कुठे गेला?"

"मी नाही बघितला," विभा म्हणाली. "मी तुमच्याकडे बघत होते."